पोहन्यास सक्त मनाई

उतारावर राहणाऱ्या माणसाने पाण्याच्या भानगडीत पडू नये. हे वाक्य दीड वर्षापूर्वी मला कोणी लिहून दाखवलं असतं, तर ‘भानगडीत’मधला ‘डी’ दीर्घ आहे ना, एवढं बघून मी पुढे गेलो असतो. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काढल्यावर माणसाला वाक्यातला अर्थ सर्वांत शेवटी दिसतो.

सुरुवात हिच्या गुडघ्यांपासून झाली. स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात उतरायला आमच्याकडे तीन पायऱ्या आहेत. त्या ही आडवी होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत उतरायला लागली, तेव्हा मी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो उजेडासमोर धरले, मान हलवली आणि म्हणाले, “पाण्यात चाला. छातीएवढं पाणी हवं, रोज अर्धा तास. सहा महिन्यांनी बघू. फरक पडला तर उत्तम, नाहीतर ऑपरेशनची तारीख घेऊन टाकू.”

ही तशी कशाला भ्यायची नाही. पाल, झुरळ, आमचे छापखान्याचे मालक, सगळ्यांना तिने एकाच झाडूने वठणीवर आणलेलं आहे. पण त्या दिवशी परत येताना बसमध्ये तिने पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि घर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच होत होतं. मला ते अजिबात आवडलं नाही.

सार्वजनिक तलावावर चौकशी केली. बायकांची वेळ पहाटे साडेपाचची आणि पाण्यात उतरायला उभी लोखंडी शिडी. ज्याला ती शिडी उतरता येते त्याला पाण्यात चालायची गरजच काय, असं मी तिथल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, “नियम आहे.” घरी येऊन मी हिला म्हणालो, “आपण आपल्या मागच्या अंगणात बांधू.”

मी भावना बोलून दाखवणारा माणूस नाही. लग्न ठरल्यावर हिने मला चार पानी पत्र पाठवलं होतं. मी ते अतिशय आवडीने वाचलं, त्यातल्या अकरा चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आणि पुढे उपयोगी पडेल म्हणून तिला परत पाठवलं. त्यानंतर हिने मला आजतागायत एक अक्षर लिहिलेलं नाही. बाहेर जाताना दूध तापवायचा निरोपसुद्धा ती शेजारी सांगून जाते आणि शेजारी येऊन मला सांगतात. तेव्हा ‘आपण बांधू’ हे माझ्या मानाने फारच झालं.

अडचण एकच होती. आमच्या अंगणाला उतार आहे. स्वयंपाकघराच्या दारात लिंबू ठेवलं तर ते कोणाची वाट न बघता थेट मागच्या कुंपणापर्यंत जातं. कुंपणापलीकडे तीन हात रुंदीची सरकारी गल्ली, तिच्यात गटार, आणि गल्लीपलीकडे विमावाल्यांचं स्वयंपाकघर. हे गृहस्थ आयुष्यभर विमे विकून निवृत्त झालेत, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू त्यांना पडण्याच्या, जळण्याच्या किंवा बुडण्याच्या बेतात दिसते.

गवंडी बोलावला. त्याला खरं नाव असेलच, पण आमच्या भागात त्याला सगळे ‘होऊन जाईल’ म्हणतात.

“जागेला उतार आहे,” मी म्हणालो.

“होऊन जाईल.”

“म्हणजे वरच्या बाजूला खणावं लागेल आणि खालच्या बाजूला नुसती भिंत उभी राहील. सगळं पाणी त्या एका भिंतीवर येणार.”

“होऊन जाईल.”

“पडणार नाही ना ती?”

“होऊन जाईल.”

इथे मी थोडं थांबायला हवं होतं.

माझे मेहुणे इंजिनिअर आहेत. टेलिफोनचे आहेत, पण आहेत. ते खणलेल्या खड्ड्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, “दाजी, पाण्याला उतार बरोबर कळतो.” याचा अर्थ काय, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पुढे प्रत्येक संकटात मात्र ते “मी म्हटलंच होतं” एवढं म्हणायला न चुकता हजर राहिले.

दोन महिन्यांनी हौद तयार झाला. वीस फूट लांब, आठ फूट रुंद. वरच्या बाजूची कड जमिनीच्या पातळीत, खालची भिंत गल्लीतून बघितली तर माझ्या हनुवटीपर्यंत. आत उतरायला रुंद पायऱ्या आणि धरायला कठडा. ही पहिल्या दिवशी पाण्यात उतरली, दहा फेऱ्या मारून वर आली आणि म्हणाली, “पाण्यात गुडघे माझे नाहीतच असं वाटतं.” चार दिवस ती फेऱ्या मोठ्याने मोजत चालली. मी काठावर खुर्ची टाकून पेपर वाचायचो आणि त्यातल्या चुकांवर खुणा करायचो. आयुष्यात याहून जास्त काही मागू नये.

पाचव्या दिवशी भिंतीला पोट सुटलं.

मला ते दिसलं नाही. माझा डोळा ओळ वाकडी झाली तर पकडतो, भिंत नाही. सकाळी विमावाले त्यांच्या खिडकीत उभे होते, हातात मोजपट्टी.

“काल अर्धा बोट होतं, आज पाऊण आहे,” ते म्हणाले. “तुमचा हौद माझ्या स्वयंपाकघरात येण्याची शक्यता मी काढलीय. सांगू का?”

“नको.”

“बासष्ट टक्के.”

पाणी उपसून घोट्यापर्यंत आणावं लागलं. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, ते खरं आहे. ही त्यात हट्टाने फेऱ्या मारायची आणि आवाज रस्त्यापर्यंत जायचा, पण गुडघ्यांना त्याचा काही उपयोग नव्हता. आठ दिवसांत ती परत पायऱ्या आडवी उतरायला लागली. सहा महिन्यांपैकी दोन बांधण्यातच गेले होते.

“आधार द्यावा लागेल भिंतीला,” होऊन जाईल म्हणाला.

आता आधार हा असा विषय आहे, की तो द्यायला कोणी येत नाही आणि कसा द्यावा हे सांगायला सगळे येतात. समोरच्या वहिनी म्हणाल्या, भिंतीलगत झाडं लावा, मुळं धरून ठेवतील. किती वर्षांत, असं विचारलं तर म्हणाल्या, “आमच्या माहेरी बारा वर्षांत धरली.” कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्तीवाला म्हणाला, भिंतीभोवती टायर बांधा. मेहुण्यांनी कागदावर बाण काढले. सगळे बाण भिंतीकडून विमावाल्यांकडे जात होते आणि एकही बाण उलटा नव्हता. “हाच तर प्रॉब्लेम आहे,” असं म्हणून ते चहा घेऊन गेले.

शेवटी होऊन जाईलने तीन जाड वासे आणले आणि गल्लीत तिरके उभे करून भिंतीला टेकू दिले. वाशांचं वरचं टोक आमच्या भिंतीला. खालचं टोक कशाला तरी टेकवायला हवं, म्हणून विमावाल्यांच्या जोत्याला. ते हे सगळं तिसरा वासा लागेपर्यंत खिडकीतून बघत होते.

“म्हणजे आता,” ते सावकाश म्हणाले, “तुमची भिंत पडली तर माझीही पडणार.”

“तुमची पडणार नाही. तुमची भक्कम आहे,” मी सौजन्याने म्हणालो.

“शहाऐंशी टक्के,” ते म्हणाले आणि खिडकी लावून घेतली. आजवर त्यांनी मला कधी पाण्यात पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून पाहायला लागले. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, की गल्ली सरकारी आहे आणि तिथे काडी रोवायची तर परवानगी लागते.

परवानगी घ्यायला मी बांधकाम कचेरीत गेलो. अर्जावर ‘कशाला आधार देणार’ या प्रश्नापुढे अगदी छोटा रकाना होता. मी विचारात पडलो.

“तुमच्याकडे जे आहे ते लिहा ना,” कारकून म्हणाला. “लोक त्याला काय म्हणतात?”

“लोक स्विमिंग पूल म्हणतात. पण तो शब्द आपला नाही.”

“मग त्यातला आपला असेल तेवढा लिहा. मागे रांग आहे.”

रांगेतल्या लोकांनी घसे खाकरले. घाईत, आणि आयुष्यात प्रथमच स्वतःच्या विवेकाविरुद्ध, मी नुसतं ‘पूल’ लिहिलं. आठवड्याने मला तिसऱ्या मजल्यावर बोलावणं आलं. खोलीच्या दारावर ‘रस्ते व पूल’ अशी पाटी होती. ती वाचूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, हे मी इथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

“नदी कोणती?” आतल्या साहेबांनी विचारलं.

“नदी नाही. गल्लीत एक गटार आहे.”

“रुंदी?”

“गल्ली धरून तीन हात.”

“तीन हातांच्या गटारावर पूल? तेवढं माणूस टांग टाकून ओलांडतो.”

“माझ्या बायकोचे गुडघे दुखतात,” मी म्हणालो.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांचे डोळे ओलावल्यासारखे वाटले. “आमच्या घरी मी कधी पाण्याचा तांब्याही भरून दिला नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी अर्जावर ‘विशेष शिफारस’ असा शेरा मारला. वर स्वतःहून दोन्ही बाजूंना कठडे सुचवले. मी गहिवरून घरी आलो. पंधरा दिवसांनी पुलाचा नकाशा हातात पडला, तेव्हा घोटाळा समजला. ‘पूल’ हा शब्द मी जन्मभर हजारदा तपासला असेन, आणि नेमका स्वतःच्या अर्जात तो मला फसवून गेला.

दुसरा अर्ज मी शुद्ध भाषेत केला. ‘जलतरण तलाव’. ऱ्हस्व-दीर्घ दोनदा बघितलं. पण रकाना तेवढाच होता. कारकुनाने नोंदवहीत उतरवून घेताना ‘जलतरण’ गाळलं आणि ‘तलाव’ ठेवलं. आमची फाईल रस्ते व पुलांकडून निघून तलाव व धरणांकडे गेली. आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं. आमच्या बाबतीत गटारातून धरणात.

तलावाचे साहेब जीप घेऊन आले. पायात गुडघ्यापर्यंत बूट, काखेत जाड वही.

“तलाव कुठे आहे?”

मी दाखवला.

त्यांनी तलावाकडे बघितलं, मग वहीकडे बघितलं आणि वहीवर विश्वास ठेवला. “पाणी कुठून येतं?”

“नळाने.”

“सांडवा?”

“म्हणजे?”

“जास्त झालेलं पाणी जातं कुठे?”

मी दोन बोटं रुंदीचा पाईप दाखवला. त्यांनी ‘सांडवा एक’ असं लिहिलं. “धरण फुटल्यास पुराच्या तडाख्यात येणारी लोकवस्ती?”

पलीकडची खिडकी उघडली. “मी,” विमावाले म्हणाले. “आणि माझी बायको. दुपारी मोलकरीणही असते.”

“लोकवस्ती तीन,” साहेबांनी लिहून घेतलं. मग त्यांनी निकाल दिला. धरणाच्या भिंतीला आधार द्यायचा तर तज्ज्ञांच्या समितीची मंजुरी लागते आणि समिती वर्षातून एकदा बसते. यंदाची बसून उठलेली होती. गल्लीतले वासे हे अतिक्रमण होतं, ते आजच्या आज काढायचे. आणि तलाव म्हटला की काठावर धोक्याचा फलक हा हवाच. तो मात्र खातं स्वखर्चाने आणि ताबडतोब लावेल.

“याला तलाव म्हणू नका, हौद म्हणा,” मी काकुळतीला येऊन म्हणालो.

“हौद म्हणायचा असेल तर आधी तलाव रद्द करायचा अर्ज करा. तलाव रद्द होत नाहीत,” ते म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

वासे निघाले. ताबडतोब याचा अर्थ सरकारी भाषेत पाच आठवडे होतो, त्याप्रमाणे पाच आठवड्यांनी ट्रक आला. फलकाचं माप मोठ्या धरणांसाठी ठरलेलं आहे. बारा फूट लांब पत्रा, चार लोखंडी गर्डर, आणि महापुरातही तो हलता कामा नये असा नियम. म्हणून प्रत्येक गर्डरसाठी छातीएवढा खड्डा आणि त्यात काँक्रीट. ‘धरणाच्या भिंतीलगत, खालच्या अंगाला’ असं वहीत होतं, म्हणून गल्लीत, आमच्या भिंतीपासून चार बोटांवर. पाच माणसं दोन दिवस खपत होती. आमचे तीन वासे अतिक्रमण, आणि हा फलक.

तो उभा राहिल्यावर मी गल्लीत जाऊन वाचला.

‘येथे पोहन्यास व जणावरे धुण्यास सक्त मनाई आहे.’

मी पुन्हा वाचला. पोहण्यातला ‘ण’ काढून तो जनावरांत घातला होता. एकाचा काढून दुसऱ्याला लावला होता. एकूण हिशेब बरोबर होता, मजकूर चूक. अक्षरं रंगवलेली नव्हती, पत्र्यात ठोकून उठवलेली होती, म्हणजे चूक बोटाने चाचपडूनही कळत होती. ज्या माणसाच्या हाताखालून चौतीस वर्षांत चुकीचा ‘ण’ गेला नाही, त्याच्या मागच्या अंगणाला तो आता एक फूट उंचीचा चिकटला होता. मी विनोद सहन करतो, प्रसंगी मेहुणेही सहन करतो. पण हे नाही.

हिने वरून विचारलं, “काय लिहिलंय?”

मी वाचून दाखवलं.

“मला कुठे पोहायचंय? मला चालायचंय,” ती म्हणाली. “जनावरांचं म्हणाल तर तुम्ही उतरू नका, म्हणजे झालं.”

त्याच दुपारी मी खात्याला तीन पानी तक्रार लिहिली. भाषेची विटंबना, पुढच्या पिढीवरचे संस्कार, सगळं घातलं, आणि ‘सदर फलक तत्काळ काढून नेऊन शुद्ध स्वरूपात बसवावा’ अशी मागणी केली. खाली सही, सहीखाली ‘निवृत्त मुख्य मुद्रितशोधक’. पत्र इतकं निर्दोष झालं होतं की ते पेटीत टाकताना मला वाईट वाटलं.

आता डॉक्टरांच्या सहा महिन्यांतले सात आठवडे उरले होते. हौदात घोट्याएवढं पाणी, भिंतीला पोट आणि हिचे गुडघे सुजलेले. एका सकाळी मी पेपर आणायला गेलो होतो. परत आलो तर मागे नळ पूर्ण उघडा, तो हिने रात्रीच सोडलेला, आणि हौद काठोकाठ भरत आलेला. ही पदर खोचून कठडा धरून उभी.

“बंद कर तो नळ!” मी ओरडलो. “भिंत जाईल!”

“जायची तेव्हा जाईल,” ती म्हणाली. “माझे गुडघे तिच्यासाठी थांबणार नाहीत. मला ते ऑपरेशन नकोय हो.”

हे शेवटचं वाक्य ती अगदी हळू बोलली. इतक्या महिन्यांत तिने ते पहिल्यांदा उच्चारलं होतं. मी गल्लीत धावलो. भिंत पडलीच तर मी तिथे काय करणार होतो, याचा विचार करायला वेळ नव्हता. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. शेजारी मेहुणे येऊन उभे राहिले. “मी म्हटलंच होतं,” त्यांनी सुरुवात केली. तेवढ्यात पाठीमागून, जड कपाट सरकवल्यासारखा, आवाज झाला.

आम्ही दोघे बाहेर उड्या मारून गटारात पडलो. भिंत सावकाश वाकली. एक बोट, दोन बोटं, तीन. विमावाले खिडकीत होते. त्यांनी टक्केवारी सांगितली नाही, नुसते डोळे मिटून घेतले. चौथं बोट वाकून भिंत फलकाच्या गर्डरांना टेकली. गर्डर ठण्ण वाजले. आणि मग काहीच झालं नाही.

होऊन जाईलला बोलावलं. त्याने गर्डर हलवून बघितला, तो हलला नाही. खाली बसून काँक्रीटवर हात फिरवला, भिंतीला कान लावला आणि पहिल्यांदाच वेगळं वाक्य बोलला. “असं काम मला कधीच जमलं नसतं.” मग त्याने भिंत आणि गर्डर यांच्यामध्ये जिथे जिथे फट होती तिथे दगडाच्या पाचरी मारून सिमेंट भरलं. समिती बसली असती तरी यापेक्षा चांगला आधार देऊ शकली नसती.

त्यानंतर हिचं चालणं सुरू झालं. दहा फेऱ्या, पंधरा, मग वीस. वरून “सात”, “आठ” ऐकू यायचं. दुसऱ्या आठवड्यात सूज उतरली. चौथ्या आठवड्यात एका सकाळी ती स्वयंपाकघराच्या तीन पायऱ्या सरळ उतरली. मी बघतोय हे तिला माहीत होतं, म्हणून तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मी मात्र गल्लीत जाणं सोडलं होतं. विमावाल्यांनाही त्रास होता. त्यांच्या टेबलावरून खिडकीत फक्त ‘जणावरे’ एवढाच शब्द दिसायचा. “रोज सकाळी पहिला घास घेताना समोर हे,” ते म्हणाले. “पण भिंत उभी आहे. आता मी चार टक्के धरतो.” ते हसले. आमच्यातलं पाणी ओसरलं होतं.

पाचव्या आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी ट्रक थांबला. आत एक धाकटे साहेब, फलक बनवणारा पत्रेवाला आणि पहारी, पाने घेतलेली तीन माणसं.

“अभिनंदन,” धाकटे साहेब म्हणाले. “तुमची तक्रार मान्य झाली. फलक उपटून न्यायला आलोय.”

सरकारने माझं म्हणणं आयुष्यात एकदाच ऐकलं, आणि ते या वेळी. “उपटता कशाला? इथल्या इथे दुरुस्त करा,” मी म्हणालो.

“अक्षरं ठोकलेली आहेत आणि पत्रा गर्डरांना डाग देऊन जोडलाय. सगळं उपटावं लागतं.”

“नवा कधी बसेल?”

“पुढच्या वर्षाच्या तरतुदीत.”

एकाने पहिल्या गर्डरच्या मुळाशी पहार घातली. भिंत बारीक कण्हली. वर हौदात ही म्हणाली, “सतरा.”

“थांबा!” मी म्हणालो. “तक्रार मागे घेतो मी.”

“तशी मागे घेता येत नाही. चूक आहे हे खात्याने मान्य केलंय. या बिचाऱ्याच्या पगारातून कापणार आहेत.” पत्रेवाला मान खाली घालून उभा होता. “मला कागदावर होतं तसंच मी ठोकलं,” तो पुटपुटला.

“चूक नसेल तर?”

धाकट्या साहेबांनी तीन पानी पत्र उघडलं. “तुम्हीच लिहिलंय की. ‘अक्षम्य’ असंसुद्धा लिहिलंय.”

“ती माझी चूक,” मी म्हणालो. हे तीन शब्द या क्रमाने मी पूर्वी कधी बोललो नव्हतो.

“म्हणजे ‘पोहन्यास’ बरोबर?”

“बरोबर.”

“आणि ‘जणावरे’?”

मी फलकाकडे पाठ फिरवली. पलीकडची खिडकी उघडी होती. “जणावरेच,” विमावाले ठामपणे म्हणाले. “मी रोज वाचतो. शंभर टक्के बरोबर.” भिंत पडली असती तर सगळ्यात आधी बुडणारा माणूस तिच्या बाजूने साक्ष देत होता.

“मग लेखी द्या,” धाकटे साहेब म्हणाले. “हुद्द्यासकट.”

पहारीच्या माणसाने दिलेल्या कागदावर, ट्रकच्या बॉनेटवर ठेवून, मी लिहिलं : ‘सदर फलकावरील मजकूर मी स्वतः काळजीपूर्वक तपासला असून तो शुद्ध व निर्दोष आहे.’ सही केली. सहीखाली ‘निवृत्त मुख्य मुद्रितशोधक’ असंही लिहिलं. खोटं वाटेल, पण डोळ्यांत पाणी आलं. चौतीस वर्षं जपलेली एकच गोष्ट होती माझ्याकडे. पत्रेवाल्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि साहेबांना म्हणाला, “बघा, मी म्हणत होतो ना?”

वरचा पाण्याचा आवाज केव्हाच थांबला होता. भिंतीवरून हिचं डोकं दिसत होतं. तिने सगळं ऐकलं होतं. ट्रक गेला तरी ती तशीच उभी होती, माझ्याकडे बघत. मग म्हणाली, “अठरा,” आणि पुढे चालायला लागली.

सहा महिने पूर्ण झाल्यावर डॉक्टरांनी हिला खोलीभर चालायला लावलं, गुडघे दाबून बघितले आणि म्हणाले, “तारीख नको. चालत राहा.” परत येताना बसमध्ये ही घर येईपर्यंत बोलत होती. कंडक्टरशी, समोरच्या बाईशी, माझ्याशी. मला ते फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि बाहेरून “चार”, “पाच” ऐकू येत होतं. ओट्यावर बशीने झाकलेला कप होता आणि कपाखाली एक चिठ्ठी. हिचं अक्षर मी छत्तीस वर्षांनी बघत होतो.

‘पान्यात आहे. चहा झाकून ठेवलाय, पिऊण घ्या.’

मी सवयीने खिशातलं लाल पेन काढलं. मग पुन्हा वाचलं. पाण्यातला ‘ण’ काढून तो दुसरीकडे लावला होता. एकूण हिशेब बरोबर होता. मी पेन परत खिशात ठेवलं, चिठ्ठीची घडी घालून तीही त्याच खिशात ठेवली, आणि चहा पिऊण घेतला.